माफीचा गृहपाठ

अकरा तक्रारी आल्या होत्या आणि एकीचाही दुसरीशी मेळ नव्हता. मुलांच्या कल्पकतेचा आत्याला आतून थोडा अभिमानच वाटत होता. पण रविवारी दुपारी अडीच वाजता सगळं घर खालच्या वर्कशॉपमध्ये तिच्याभोवती खुर्च्या टाकून बसलेलं असताना तो चेहऱ्यावर दिसू देण्यात शहाणपण नव्हतं.

एका मुलाने झोपलेल्या आजोबांची डावीकडची अर्धी मिशी कापली होती आणि ते जागे होईपर्यंत माफीचा कागद घेऊन उशाशी उभा राहिला होता. एकीने अख्ख्या मजल्यावरच्या चपलांच्या जोड्या फोडून भलत्याच जोड्या लावल्या होत्या आणि मग दारोदार जाऊन ‘हे मीच केलं’ असं सांगितलं होतं. शेजारशेजारच्या दोन मित्रांनी एकमेकांच्या वह्या बादलीत बुडवल्या होत्या, त्याही घड्याळ लावून एकाच क्षणी, म्हणजे दोघांचं काम एकदम उरकेल.

कामच तसं होतं. युवक केंद्रातल्या शनिवारच्या जीवनकौशल्य वर्गात आत्याने फळ्यावर गृहपाठ लिहिला होता: ‘या आठवड्यात एका माणसाची मनापासून माफी मागून या. खोटी चालणार नाही.’ वर्गात मुलं चौदा. त्यांतल्या दोघांकडे माफी मागण्याजोगं काहीतरी आधीचं शिल्लक होतं. बाकीच्यांची पाटी कोरी. त्यातून मागच्या महिन्याचा धडा प्रामाणिकपणाचा, त्यामुळे न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला कुणाचं मन धजेना. म्हणून त्यांनी आधी प्रामाणिकपणे गुन्हे केले.

केंद्राच्या मॅडम चार वाजता येणार होत्या. त्यांना आत्याच्या सहीचा माफीनामा हवा होता. मिळाला तर वर्ग चालू राहणार, नाहीतर पुढच्या शनिवारपासून त्या खोलीत टेबल टेनिस.

“सही कर आणि मोकळी हो,” दादाने खिशातून कागद काढला. “मी मजकूर तयार करून आणलाय.”

आत्याचा थोरला भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याआधी त्यांचे वडील, अण्णा, करायचे, आणि अण्णांच्या आधी लिफ्टच नव्हत्या, नाहीतर अण्णांच्या वडिलांनीही केल्या असत्या. आत्याने कागद वाचला.

“‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सदर बिघाड आमच्या नियंत्रणाबाहेरील कारणांमुळे झाला असून तंत्रज्ञ लवकरच येईल.’ तंत्रज्ञ कोण?”

“ते खोडू. बाकी उत्तम आहे. वीस वर्षं हेच पत्र पाठवतोय. एकानेही उलट लिहिलेलं नाही.”

“मी सही करणार नाही. मी मुलांना माफी मागायला शिकवलं, यात माझी चूक काय? पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याची माफी मागायची का?”

“पोहायला शिकवणारा ‘एकेकाला तलावात ढकलून या’ असा गृहपाठ देत नाही, वन्सं,” वहिनी म्हणाली.

वहिनी एरवी तिला नावाने हाक मारायची. ‘वन्सं’ आलं की समजायचं, पारा चढलाय. वहिनी दातांची डॉक्टर. दिवसभर तोंडात अवजारं घातलेल्या माणसांना प्रश्न विचारून विचारून तिला उत्तराची वाट पाहायची सवय राहिली नव्हती.

“ताईच्या बाजूने मी आहे,” धाकटा भाऊ म्हणाला. नऊ वर्षांपूर्वी दादाने त्याला पंखा लावायला शिडीवर चढवलं आणि तो पडला, तेव्हापासून दादा ज्या बाजूला असेल त्याच्या समोरच्या बाजूला धाकटा, हे ठरून गेलं होतं. तो गाडी चालवायला शिकवायचा, आणि बोलणं वेगात जायला लागलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. आता तो दाबलेलाच होता. “फक्त एक विचारू का? ताई, तू आयुष्यात कधी कुणाची माफी मागितलीयस?”

“वेळच आली नाही.”

“माझा पाय मोडला होता.”

“तो तू मोडलास. मी फक्त शिडी धरली नव्हती.”

धाकट्याने पायाकडे पाहिलं आणि ब्रेक थोडा सैल सोडला. एक मत डळमळलं, हे आत्याच्या लक्षात आलं. अण्णा कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. त्यांचं मत कुणी मागत नव्हतं, कारण ते मागून मिळत नसे.

अण्णांनी तीन मुलं वाढवली ती टॉर्च धरायला लावून. ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचे आणि वर एक मूल टॉर्च धरून उभं राहायचं. ‘माझ्या डोळ्यात नको, कामावर धर,’ एवढंच त्यांचं संस्कारशास्त्र. संयम, एकाग्रता, अपमान गिळणं, सगळं त्यात यायचं. त्यातून दादा मेकॅनिक झाला, धाकटा गाडीकडे पळाला, आणि आत्याने ठरवलं की मुलांना काही शिकवायचंच असेल तर उजेडात, फळ्यावर आणि मुद्देसूद शिकवायचं. नऊ वर्षांपूर्वी तिने वर्ग काढला. या घरात अण्णांनी सुरू न केलेली ती एकुलती एक गोष्ट. वर्ग गेला तर आत्याकडे उरणार होता तो फक्त स्वभाव, आणि तोही अण्णांचाच.

माफीच्या तर तिने पायऱ्या बसवल्या होत्या. पहिली, काय केलं ते सांगा. दुसरी, समोरच्याला काय सोसावं लागलं ते सांगा. तिसरी, आता काय करणार ते सांगा. दहापैकी गुण. ‘पण’ हा शब्द आला की दोन वजा.

“किती वाजले?” दादाने विचारलं.

“तीन. आणि मी सही करणार नाही.”

“अगं, अकरा घरं तुझ्या नावाने बोटं मोडतायत.”

अकरा. आत्याने मनात बेरीज केली. दोघांकडे आधीचं होतं, अकरांनी नवं केलं. झाले तेरा. गृहपाठाची चौदावी वही आलीच नव्हती, आणि चौदावी वही समोरच तारेच्या वेटोळ्यावर बसून नखं कुरतडत होती.

दादाची मुलगी. वय वर्षं अकरा, घरात नाव वकील, कारण चौथ्या वर्षी झोपायला पाठवल्यावर तिने ‘कुठल्या नियमाखाली?’ असं विचारलं होतं. आज ती अर्ध्या तासात एक शब्दही बोलली नव्हती. वकील गप्प असणं म्हणजे फ्रिजची घरघर थांबण्यासारखं होतं. आधी बरं वाटतं, मग दूध आठवतं.

“चल गं, चहा टाकू,” आत्या म्हणाली आणि तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. किटलीचं बटण दाबलं. “तुझी वही नाही आली.”

“माहितीये.”

“गुन्हा झाला नाही का?”

“गुन्हा झालाय. माफी अडकलीय.”

“कुठे?”

“तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये.”

किटली कुरकुरायला लागली. वकिलाने बाजू मांडली, नेहमीप्रमाणे क्रमवार. गेल्या सोमवारी ती बाबांबरोबर एका इमारतीत लिफ्टच्या तपासणीला गेली होती, टॉर्च धरायला. बाबा वर मोटरच्या खोलीत असताना ती खाली एकटी होती. बटणांवरच्या आकड्यांच्या चकत्या नुसत्या नखाने निघतात, हे तिला कधीपासून माहीत होतं. तिने तीनची चकती पाचवर लावली आणि पाचची तीनवर. संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींची माफी मागायची, वहीत लिहायचं, विषय संपला, असा बेत होता, पण संध्याकाळी सेक्रेटरी घरी नव्हते.

“कुठली इमारत?”

“मॅडमची.”

आत्याने किटली बंद केली.

“तुझ्या केंद्राच्या मॅडम पाचव्यावर राहतात,” वकील म्हणाली, “आणि मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे प्राध्यापक तीन दाबून पाचव्यावर गेले. दार उघडं होतं. ते सोफ्यावर जाऊन बसले. त्यांना वाटलं बायकोने पडदे बदलले. मॅडमच्या आईने त्यांना चहा दिला. वीस मिनिटं कुणालाच काही कळलं नाही.”

“पण दादाला त्या इमारतीतून तीन वेळा बोलावणं आलं ना? त्याला दिसलं नाही?”

“बाबा आकडे बघत नाहीत. खालून मोजतात.”

हे खरं होतं, आणि यात अण्णांचा हात होता. ‘आकडे रहिवाशांसाठी असतात, मेकॅनिकने बटणं खालून मोजायची’ हा या घराचा चाळीस वर्षांचा नियम. दादाने तिन्ही खेपेला न बघता खालून मोजून बटण दाबलं, तिन्ही खेपेला लिफ्ट बिनचूक गेली. पहिल्यांदा त्याने तारा तपासल्या. दुसऱ्यांदा रहिवाशांना बटण दाबता येत नाही असं सुचवलं. तिसऱ्यांदा सेक्रेटरींना ठामपणे सांगितलं, हा व्होल्टेजचा दोष आहे, याला इलाज नाही.

“आता मी सेक्रेटरींची माफी मागितली की बाबा खोटे पडतात,” वकील म्हणाली. “नाही मागितली तर मी खोटी पडते. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही बाजू माझ्या विरुद्ध आहेत.”

“चकत्या अजून उलट्याच आहेत?”

“हो. लोकांना सवय झालीय. पाचव्यावाले निमूटपणे तीन दाबतात.”

आत्या काही ठरवणार, एवढ्यात वकील किटली उचलून बाहेर गेली, ती स्टुलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळ्यांना हेच सगळं पुन्हा सांगितलं. शिकवल्यासारखं, पायरी पायरीने. चहाची पूड घालायची मात्र राहिली होती.

दादा उठला, भिंतीवर टांगलेल्या जुन्या बटणांच्या पट्टीपाशी गेला आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला, जणू तिच्यावर आकडे असतात हे आजच कळत होतं.

“मी तिन्ही वेळा तपासली,” तो म्हणाला.

“खालून मोजलंस ना?” अण्णांनी डोळे न उघडता विचारलं.

“खालूनच.”

“मग बरोबर केलंस.”

अण्णांनी शाबासकी दिल्याची या घरातली ही दुसरी वेळ. दादाला तिचा उपयोग करता येईना.

“ठीक आहे,” तो वळून म्हणाला. “आता नीट ऐका. मॅडमना यातलं काही सांगायचं नाही. उद्या सकाळी मी जाऊन गुपचूप चकत्या सरळ करतो. व्होल्टेज सुधारलं म्हणायचं.”

“तसं बघायला गेलं तर कुणाचं काय बिघडलं?” धाकटा म्हणाला. पंख्यानंतर तो पहिल्यांदाच दादाशी सहमत झाला होता आणि स्वतःच जरा दचकला होता. “ताई, जरा डोकं लाव. शिकवणारीच्या सख्ख्या भाचीने मॅडमचीच लिफ्ट बिघडवली, हे बाहेर पडलं तर वर्ग विसर. तू आपली दादाच्या कागदावर सही कर.”

“आत्ता तर तू माझ्या बाजूने होतास.”

“अजूनही आहे. बाजू जरा सरकलीय.”

“वा,” वहिनी म्हणाली. “लोका सांगे ब्रह्मज्ञान. आणि या पोरीने यातून काय घ्यायचं? चूक झाली की व्होल्टेज म्हणायचं?”

“तू मघाशी आत्याच्या विरुद्ध होतीस,” दादाने आठवण करून दिली.

“होते. आता तुझ्या आहे.”

“अगं, घरातली गोष्ट आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.”

“दातांचं मला नको सांगूस. किडलेला असला की आपला असो, परका असो, मी काढते.”

आत्या ऐकत होती. गंमत अशी की तिचं काम आपोआप होत आलं होतं. सही करायची, तोंडाला कुलूप लावायचं, वर्ग वाचतोय. दोन्ही भाऊ एका बाजूला यायला या घरात नऊ-नऊ वर्षं लागतात, आणि आज ते तिच्यासाठी आले होते. तिने कागद हातात घेतला. तंत्रज्ञ लवकरच येईल.

“आत्या,” वकील म्हणाली. “एकच शंका आहे. उशीर झालाय म्हणून किती गुण जातील?”

“काय?”

“म्हणजे मी माफी मागितली तरी दहापैकी सातच्या वर नाही मिळणार ना? त्या मिशीवाल्याला साडेनऊ मिळालेत. मग आता मागण्यात काय फायदा?”

ती उर्मटपणे विचारत नव्हती. हिशोबी चेहऱ्याने, खरोखर माहिती हवी म्हणून विचारत होती. आणि आत्याला एकदम अर्धी मिशी असलेले आजोबा दिसले. इतका वेळ तिला त्या गोष्टीत नातवाचा उशाशी धरलेला कागदच दिसत होता, आणि शुद्धलेखन चांगलं होतं म्हणून तिने साडेनऊ दिले होते. आजोबांनी आरशात पाहिलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे तिने विचारलंच नव्हतं. ती दुसरी पायरी होती. तिनेच बसवलेली.

वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. त्याखालून आधी पाय दिसले, मग फाइल, मग मॅडम. चाराला वीस मिनिटं कमी होती.

दादाने त्यांना बरी खुर्ची दिली. मॅडमनी फाइल मांडीवर ठेवली आणि आत्याकडे वळायच्या आधी त्याला विचारलं, “तुमचं ते व्होल्टेज कधी सुधारणार हो? आज मी भाजी घेऊन तिसऱ्यावर उतरले आणि दोन मजले चढून गेले. जुन्या सवयीने पाच दाबलं गेलं.”

दादाने तोंड उघडलं. धाकट्याने ब्रेक दाबला.

“मॅडम, आधी माझं,” आत्या म्हणाली आणि उभी राहिली. मग आपण उभं का राहिलो ते न समजल्यासारखी तिथेच थांबली. नऊ वर्षांत चौदा-चौदा मुलांना शिकवलेल्या पायऱ्या होत्या, त्यांतली एकही सापडेना. “म्हणजे झालं असं की... मी गुण देत होते. माफीला. त्या गुणांसाठी मुलांनी माणसं शोधली, आणि माणसं मिळाल्यावर त्यांना त्रास दिला. त्या आजोबांना मी अजून भेटलेही नाहीये. मी खरंतर चांगल्या हेतूने, पण...”

ती थांबली. वकिलाने सवयीने दोन बोटं उचलली आणि मग हळूच खाली घेतली.

“पण काही नाही,” आत्या म्हणाली. “माझं चुकलं.”

तिला वाटलं होतं, हे म्हणताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. नुसतं लाजिरवाणं वाटलं, भर चौकात चप्पल तुटल्यासारखं. धाकटा तिच्याकडे टक लावून पाहत होता. “शिडीचंही,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली. “धरायला हवी होती.”

धाकट्याचा पाय ब्रेकवरून सुटला.

“कुठली शिडी?” मॅडमनी विचारलं.

“ते घरातलं आहे,” वहिनी म्हणाली.

“लिफ्टचं माझं आहे,” वकील म्हणाली आणि मॅडमच्या समोर येऊन तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी मध्येच तिचा आवाज चिरकला आणि क्रम चुकला. प्राध्यापक चकत्यांच्या आधी आले. “तुम्हाला आज भाजी घेऊन दोन मजले चढावे लागले,” ती शेवटी म्हणाली. “ते मला माहीत नव्हतं.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दादाकडे पाहिलं. दादा बटणांच्या पट्टीकडे पाहत होता.

“प्राध्यापकांनी माझ्या आईला चहात साखर कमी घालायला सांगितली,” त्या सावकाश म्हणाल्या. “डॉक्टर दोन वर्षं तेच सांगतायत. तिने डॉक्टरांचं कधी ऐकलं नाही. त्यांचं ऐकलं.” त्यांनी फाइल उघडली. “तरीही अकरा घरं रागावलेली आहेत. आता आमची इमारत धरून बारा. हा कागद कसला?”

“तंत्रज्ञ येणार आहे त्याचा,” आत्या म्हणाली.

मॅडमनी तो वाचला आणि तिला परत दिला. “हा नको. बाराही घरी तुम्ही स्वतः जायचं. मुलांना बरोबर घ्या, नका घेऊ, तुमचा प्रश्न. त्यासाठी दोन शनिवार वर्ग बंद. तिसऱ्या शनिवारी खोली तुमची. एखाद्या घराने मला सांगितलं की बाई आल्याच नाहीत, तर टेबल मांडायला सांगेन.”

“आणि त्यांनी दारातूनच हाकललं तर?”

“तर हाकलल्याचं मला कळवा. ते चालेल.”

“गुण बंद करते,” आत्या म्हणाली.

“कधीपासून?”

“मघाशी झाले.”

मॅडम गेल्यावर अण्णांनी डोळे उघडले, किटलीतलं नुसतं गरम पाणी कपात ओतून घेतलं, एक घोट घेतला आणि चहा फिका झालाय असं सांगितलं. वहिनीने खुर्च्या गोळा केल्या. आत्याने चपला घातल्या. उद्या-परवा करत बसलं तर पाय मागे येतील, हे तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. वकील आधीच शटरपाशी उभी होती.

“कुठे?” दादाने विचारलं.

“सेक्रेटरींकडे. सगळ्यांत जवळचं घर तेच आहे.”

दादाने पेटी उचलली. “चकत्या तरी मीच बसवतो. तुम्ही नखाने काढाल आणि ओरखडे पाडाल.”

इमारतीत शिरल्यावर त्याने लिफ्टचं दार उघडलं, वाकला आणि बटणांवरचे आकडे पहिल्यांदाच एकेक करून वाचले. शून्य, एक, दोन, पाच, चार, तीन. दोन मिनिटांत चकत्या जागच्या जागी बसल्या. वकील आत जाऊन उभी राहिली. दादा मात्र बाहेर आला आणि जिन्याकडे वळला.

“लिफ्ट चालू आहे, बाबा. आता तर बरोबर चालू आहे.”

“लिफ्टने तिसऱ्यावर जायला अकरा सेकंद लागतात,” दादा म्हणाला. “तेवढ्यात माझं ठरणार नाही.”

तिघं चढायला लागले. पहिल्या मजल्यावर तो थांबला.

“सुरुवात कशी करतात?” त्याने आत्याला हळू आवाजात विचारलं.

“माहीत नाही रे. मी आजच पहिल्यांदा केली.”

“तू नऊ वर्षं शिकवतेयस.”

“हो ना.”

दुसऱ्या मजल्यापर्यंत तो पुटपुटत राहिला. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ एवढं ऐकू आलं. वकील म्हणाली, “बाबा.” तो म्हणाला, “बरं.” मग पुटपुटणं थांबलं.

तिसऱ्या मजल्यावर त्याने स्वतः घंटी दाबली. सेक्रेटरींनी दार उघडलं, हातात पेटी घेतलेल्या मेकॅनिकला पाहिलं आणि सहा दिवसांच्या सवयीने विचारलं, “परत व्होल्टेज?”

“मी आकडे बघितलेच नव्हते,” दादा म्हणाला, आणि पुढे काही जोडलं नाही.